चुलीपुढची शाळा

चुलीपुढे बसलेले मूल कधी गप्प बसत नाही. आई भाकरी थापीत असते. मूल तिच्या गुडघ्याला टेकून बसते. आधी पिठाचा गोळा मागते. मग विचारू लागते. "आई, भाकरी फुगली कशी? दूध वर का आलं? मोहरी का उडाली?" आईला कामाची घाई. डोळ्यांत धूर गेलेला. ती म्हणते, "गप बस. शाळेत गेलास की कळेल." मूल गप्प बसते. असे पुष्कळ वेळा झाले की ते विचारायचेच सोडून देते.

ती गप्प झालेली मुले पुढे आमच्याकडे येत. आम्ही म्हणजे शाळेतले मास्तर. आम्ही त्यांना पुस्तकातले शास्त्र शिकवीत असू. मुले ते पाठ करीत आणि पास होत. कोणी मध्येच काही विचारले तर आम्हीही म्हणत असू, "गप्प बस. आधी धडा संपू दे." हेडमास्तर होऊन निवृत्त झालो, तोवर यात काही चुकते आहे असे आम्हांला वाटले नाही. वाटले ते नंतर. आणि तेही एका भाकरीमुळे. तीच हकीकत सांगतो.

आता आम्ही संध्याकाळी साक्षरतेचा वर्ग घेतो. वर्गाला एक सूनबाई येतात. रानातले काम उरकून येतात. बरोबर सात वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा असतो. एके दिवशी आम्ही फळ्यावर 'भाकरी' हा शब्द लिहिला. सगळ्यांनी तो वाचला. तेवढ्यात तो मुलगा म्हणाला, "गुरुजी, भाकरी का फुगते?"

आई लाजली. म्हणाली, "गुरुजी, रोज मला हेच विचारतो. मी अडाणी. मी काय सांगणार? तुम्हीच सांगा."

आम्ही खाकरलो आणि सांगितले, "बाळ, भाकरीत हवा असते. ती तापते. तापली की फुगते." आम्ही वर्षानुवर्षे मुलांना हेच सांगत आलो होतो.

मुलगा म्हणाला, "हवा आत कुणी भरली?"

सगळा वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण उत्तर काही सुचले नाही. मग त्या सूनबाई हळूच म्हणाल्या, "हवेचं मला नाही ठाऊक, गुरुजी. पण पिठात पाणी कमी पडलं तर भाकरी फुगत नाही. वरून पाण्याचा हात फिरवायला विसरलं तर ती चिरते. आणि कुठं बारीक भोक पडलं तर हाताला वाफेचा चटका बसतो."

पाणी आणि वाफ! आम्ही त्या रात्री घरी जाऊन विचार केला. पुस्तके काढून पाहिली. सूनबाईंचे बरोबर होते. आमचे चूक होते.

पाहा. हवा तापली की फुगते हे खरे. पण किती? साध्या हवेला उकळत्या पाण्याइतकी ऊब दिली तर ती फार तर सव्वापट होते. तेवढ्याने भाकरी टम्म होत नाही. पाण्याचे तसे नाही. एक वाटी पाण्याची सगळी वाफ झाली, तर त्या वाफेला सोळाशे वाट्यांहून जास्त जागा लागते. भाकरीत पाणी थोडेसेच असते. पण तेवढे पुरते.

आता तुमची रोजची भाकरी डोळ्यांपुढे आणा. तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाणी लावता. ते अंग लगेच सुकत नाही, म्हणून चिरत नाही. मग भाकरी उलटता. दोन्ही अंगे भाजून घट्ट होतात. मधे ओल राहते. त्या ओलीची विस्तवावर वाफ होते. वाफेला बाहेर पडायला वाट नसते. मग ती वरचा पापुद्रा उचलते. झाली भाकरी टम्म!

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा ताण नसतो. म्हणून आपल्याकडे पीठ मळताना कढत पाणी घेतात. कढत पाण्याने पीठ चिकट होते आणि भाकरी तुटत नाही. हे कोणत्याही बाईला शाळेत शिकवलेले नाही. तरी ती ते रोज करते. आम्ही मॅट्रिक झालो तरी आम्हांला ते ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सूनबाईंच्या घरी गेलो. म्हणालो, "बाई, आज तीन चानक्या थापा. आपण पोरालाच दाखवू." लहान मुलासाठी लहानशी भाकरी करतात, तीच ही चानकी.

घरात त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांना हे रुचले नाही. त्या म्हणाल्या, "गुरुजी, अन्नाशी खेळ करायचा नसतो."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. धान्य पिकवायला काय कष्ट पडतात ते आम्हीही जाणतो. म्हणून तिथेच एक नियम ठरला. जे करायचे ते खायचे. एक कण टाकायचा नाही. आजींनी मान हलवली, पण त्या उठून गेल्या नाहीत. पाहत बसल्या.

पहिली चानकी नेहमीसारखी भाजली. दुसरी तव्यावरून काढल्यावर तिच्या पापुद्र्याला काडीने भोक पाडले आणि मग विस्तवाला लावली. तिसरी तव्यावरच फार वेळ ठेवली, अगदी कडक सुकेपर्यंत. मग ती विस्तवावर धरली.

पण एक गोष्ट आम्ही आधी केली. दर वेळी मुलांना विचारले, "आता काय होईल?" मुलगा म्हणाला, "तिन्ही फुगतील." मुलगी म्हणाली, "भोकाची नाही फुगणार." आम्ही त्यांना बरोबर की चूक ते सांगितले नाही. हेच सर्वांत अवघड काम आहे. मोठ्या माणसाच्या तोंडात उत्तर वळवळत असते. ते गिळावे लागते.

पहिली टम्म फुगली. दुसरी थोडी उचलली, फुस्स झाली आणि बसली. तिसरी फुगलीच नाही. मुलगा म्हणाला, "हिच्यातलं पाणी संपलं!" आम्ही काही बोललो नव्हतो. त्याचे त्यालाच दिसले होते. मग तेल-मीठ लावून तिन्ही चानक्या मुलांनी खाल्ल्या. कडक झालेली सर्वांत आवडली.

एकदा वाफेची ओळख पटली की ती जिकडे तिकडे दिसू लागते. दूध उतू जाते, कारण दुधावर साय धरते आणि खालची वाफ कोंडते. पळी घालून ठेवली की वाफेला वाट मिळते. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या होतात, त्याही वाफेनेच. दाण्याचे कवच कठीण असते आणि आत थोडी ओल असते. कढईत त्या ओलीची वाफ होते आणि कवच फुटते. म्हणून तर लाह्यांची ज्वारी आधी गरम पाण्यातून काढून कापडात बांधून ठेवतात. मूठभर दाणे दाताखाली किंवा बत्त्याने किंचित फोडून वेगळे भाजून पाहा. फुटक्या दाण्याची लाही होत नाही. मात्र चार वर्षांच्या आतल्या मुलाला लाह्या, फुटाणे, अख्खे शेंगदाणे देऊ नका. ते श्वासनळीत अडकतात आणि जीव जातो. त्यांना कूट करून द्या.

चटक्याविषयी दोन शब्द इथेच सांगून टाकतो, कारण यात आमची स्वतःची चूक आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या नातीने फुगलेल्या भाकरीला बोट लावले. भाकरी फुटली आणि वाफेने तिचा अंगठा भाजला. आम्ही धावत जाऊन दौतीतली निळी शाई लावली. आमच्या लहानपणी तसेच करीत. आरोग्यसेविका आल्या आणि आम्हांला बरेच बोलल्या. त्यांनी सांगितले ते असे. भाजल्यावर लगेच त्या जागेवर साधे गार पाणी सोडायचे. एक-दोन मिनिटे नव्हे, चांगली वीस मिनिटे. बर्फ लावायचा नाही. शाई, तूप, हळद, दात घासायचे मलम, काही लावायचे नाही. फोड फोडायचा नाही. स्वच्छ फडके सैल गुंडाळायचे. भाजलेली जागा मोठी असेल, किंवा चेहरा भाजला असेल, तर थेट दवाखाना गाठायचा. त्या दिवसापासून आमचा नियम आहे. विस्तवाचे काम मोठ्या माणसाचे. मुलाने हातभर लांब बसायचे. बघायचे, सांगायचे आणि खायचे. चूल असो नाहीतर गॅस, नियम तोच.

लहान मुलांच्या हाती देण्यासारखे काम पाहिजे असेल तर ते दह्याचे. त्याला विस्तव फक्त दूध तापवायला लागतो.

थंडीचे दिवस होते. आम्ही सूनबाईंना म्हटले, "तीन वाट्या घ्या. प्रत्येकीत चार-चार चमचे दूध घाला. दूध एकच, आधी नीट उकळलेले. पण एका वाटीत कढत, दुसरीत कोमट, तिसरीत गार. तिन्हींत सारखेच विरजण लावा. सकाळी पाहू." दूध थोडेच घ्यायचे, कारण फसले तर चार चमचेच जातात.

आता कोणती वाटी कोणती हे सकाळी कसे कळणार? सूनबाईंनी वहीच्या पानाचे तीन तुकडे केले. पेन्सिल घेतली. एकावर लिहिले 'कढत'. दुसऱ्यावर 'गार'. तिसऱ्यावर लिहायला जरा वेळ लागला. ओठ हलवून त्यांनी शब्द फोडला. को-म-ट. मग लिहिले. वर्गात आम्ही फळ्यावर लिहितो आणि त्या उतरून काढतात. हे मात्र कोणी सांगितलेले नव्हते. त्यांना काम पडले म्हणून त्यांनी लिहिले. आजींनी त्या चिठ्ठ्या हातात घेऊन उलट्या-सुलट्या करून पाहिल्या. म्हणाल्या, "हे कोमट व्हय?" आणि ज्या त्या वाटीखाली ठेवल्या.

सकाळी कोमट वाटीतले दही घट्ट लागले होते. गार वाटीतले पातळच होते. कढत वाटीत दूध तसेच, त्यात दह्याचे चार कण तरंगत होते. आम्ही मोठ्या तोऱ्याने समजावून सांगू लागलो. इतक्यात ती सात वर्षांची मुलगी म्हणाली, "पण गुरुजी, कोमट वाटी आजीनं घोंगडीत गुंडाळली होती. बाकीच्या दोन का नाही गुंडाळल्या?"

आम्ही आजींकडे पाहिले. आजी म्हणाल्या, "थंडीत दही गुंडाळूनच ठेवत्यात. मी काय चुकीचं केलं?"

आजींचे काही चुकले नव्हते. चुकले ते आमचे. दोन गोष्टी बदलल्या तर कोणत्या गोष्टीने काय झाले ते कळत नाही. ऊब बदलली, आणि गुंडाळणेही बदलले. मग दही कशाने लागले? मुलीने नेमके बोट ठेवले. सगळ्या शास्त्राचा पाया हाच आहे. एक गोष्ट बदला, बाकी सगळे सारखे ठेवा. मोठमोठे शास्त्रज्ञही हेच करतात. म्हणून दुसऱ्या रात्री पुन्हा तीन वाट्या लावल्या आणि तिन्ही एकाच घोंगडीत गुंडाळल्या. सकाळी कोमट लागले. गार जरासे लागले. कढत लागले नाही ते नाहीच. आता बोलायला जागा होती.

दही कशाने लागते? विरजणात जिवंत जंतू असतात. इतके बारीक की चमचाभर दह्यात कोट्यवधी मावतात. ते दुधातली साखर खातात आणि आंबटपणा तयार करतात. त्या आंबटपणाने दूध घट्ट होते. फ्रान्स देशातल्या पाश्चर नावाच्या शास्त्रज्ञाने १८५७ साली दाखवले की दूध आंबते ते जिवंत जंतूंमुळे. पुढे १९०५ साली बल्गेरिया देशातल्या ग्रिगोरोव्ह नावाच्या तरुण डॉक्टरने दह्यातला एक जंतू शोधून काढला. आपल्या आज्या-पणज्यांनी तो जंतू कधी पाहिला नव्हता. पण त्याला जपायचे कसे हे त्यांना ठाऊक होते. रोजच्या दह्यातले चमचाभर उद्यासाठी राखून ठेवायचे. शेतकरी बियाणे राखतो तसेच हे.

या जंतूंना ऊब आवडते. आपल्या अंगाहून थोडी जास्त. दुधात करंगळी बुडवली तर सोसवते, इतकी. गारठ्यात ते सुस्त होतात. कढत दुधात मरतात. मेलेले बी पेरले तर उगवेल का? मुलांना हे लगेच पटले. रानातली मुले आहेत ती.

मग मुलगा म्हणाला, "जंतू वाईट असतात ना? आपण दही का खातो?" प्रश्न चांगला होता. जंतू सगळे वाईट नसतात. शेतात पीक असते आणि तणही असते. कच्च्या दुधात रोगाचे जंतू असू शकतात. म्हणून दूध आधी चांगले उकळायचे. म्हणजे तण मेले. मग कोमट करून विरजण लावायचे. म्हणजे चांगले बी पेरले. गार वाटीतले पातळ दही दिवसभर ठेवले, तर संध्याकाळी लागले. त्याची कढी झाली. कढत वाटीतले दूध मात्र मुलांना देऊ नका. ते रात्रभर उबेत राहिलेले, आणि राखण करणारे जंतू त्यात मेलेले. आमचा 'एक कण टाकायचा नाही' हा नियम इथे मोडला. आजींनी ते चार चमचे तुळशीच्या बुडाशी ओतले आणि आमच्याकडे पाहिले. आम्ही दुसरीकडे पाहिले.

मटकीचे काम याहून सोपे आहे. त्यात भाजायची भीती नाही. मटकी रात्री भिजत घाला. सकाळी निम्मी उपसून ओल्या फडक्यात बांधा. निम्मी पाण्यातच राहू द्या. मूठभर कोरडी बाजूला ठेवा. मुलाला रोज तिन्ही उघडून दाखवा. फडक्यातलीला मोड येतात. कोरडी जशीच्या तशी. आणि पाण्यात बुडालेलीला? मोड नीट येत नाहीत. ती फेसाळते आणि वास मारते. कारण बीजालाही श्वास लागतो. पाण्यात ते गुदमरते. वाफ्यात पाणी तुंबले की पीक पिवळे पडते, त्यातही हेच असते. ती वास मारणारी मटकी गुरांनाही घालू नका. म्हणून पाण्यात ठेवायची ती दहा दाणेच ठेवा. आम्ही पहिल्यांदा वाटीभर ठेवली आणि आजींच्या शिव्या खाल्ल्या.

मोड आलेली मटकी नुसती चवीला चांगली नसते. कोरड्या मटकीत 'क' जीवनसत्त्व जवळजवळ नसते. मोड येताना ते तयार होते. हिरड्या, जखमा यांना ते लागते. उसळीवर लिंबू पिळले की आणखी मिळते, आणि कडधान्यातले लोह अंगी लागायला लिंबाची मदत होते. लहान मुलांना मात्र मोड कच्चे देऊ नका. जिथे मोड वाढतात तिथे ओल आणि ऊब असते, त्यामुळे रोगाचे जंतूही वाढतात. नीट वाफवून द्या.

कडधान्ये म्हणजे बायकांचे काम, त्यात कसला अभ्यास, असे कोणाला वाटेल. म्हणून एक हकीकत सांगतो. कमला भागवत नावाची एक मुलगी १९३३ साली बंगलोरच्या मोठ्या विज्ञान संस्थेत शिकायला गेली. मुलगी म्हणून तिला आधी नकार मिळाला. ती हटली नाही. शेवटी तिला घेतले. तिथे तिने अभ्यास केला तो दूध आणि कडधान्ये यांचा. पुढे ती इंग्लंडात केंब्रिजला गेली आणि १९३९ साली शास्त्राची डॉक्टर झाली. लग्नानंतर त्या कमला सोहोनी या नावाने ओळखल्या गेल्या. ही हकीकत आम्ही त्या सात वर्षांच्या मुलीला सांगितली. तिने विचारले, "त्यांच्या आईला वाचता येत होतं का?" तिची आई शेजारी बसून मटकी निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण हात थांबले होते.

काकडीचे थोडक्यात सांगतो. काकडीच्या चकत्या दोन ताटल्यांत ठेवा. एकीत मीठ घाला, दुसरीत नको. पाव तासाने पाहा. मिठाच्या ताटलीत पाणी सुटलेले असते. मीठ चकतीतले पाणी बाहेर ओढते. म्हणून कोशिंबिरीला मीठ शेवटी घालतात, आणि लोणच्याच्या फोडींना आधी लावतात. लोणच्यातून पाणी गेले की जंतूंना प्यायला काही राहत नाही. म्हणून लोणचे टिकते. उलटा प्रकार पाहायचा असेल तर चार मनुका पाण्यात टाका. त्या पाणी पिऊन फुगतात.

आता शेवटची गंमत रंगाची. ही तुम्ही सर्वांनी पाहिलेली आहे. आमटीचा पिवळा डाग पांढऱ्या सदऱ्यावर पडतो. तुम्ही साबण लावता. डाग एकदम लाल होतो! नवी सून घाबरते. चांगल्या पाण्याने धुतला की लाली जाते आणि डाग पुन्हा पिवळा दिसतो. हा हळदीचा गुण आहे. साबण, चुना, सोडा हे एका जातीचे पदार्थ. त्यांना क्षार म्हणतात. क्षार लागला की हळद तांबडी होते. लिंबू, चिंच, ताक हे आंबट. आंबट लागले की ती पुन्हा पिवळी होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर.

घरात हे करताना चुना वापरू नका. मुलाच्या डोळ्यात गेला तर डोळा जातो. खायचा सोडा घ्या. बेसनाचे धिरडे करतो तसे पीठ कालवा. त्यात हळद असतेच. वाटीभर पीठ वेगळे काढून त्यावर चिमूटभर सोडा टाका. जिथे सोडा पडला तिथे तांबूस ठिपके उठतात. मुलाला विचारा, आता लिंबू पिळले तर काय होईल? मग त्याच्याच हाताने पिळू द्या. ठिपके पिवळे होतात. आणि वरून फेस येतो. सोडा आणि लिंबू भेटले की कर्बवायू निघतो. सोडावॉटरच्या बाटलीत असतो तोच. लगेच धिरडे घातले तर त्या वायूची भोके राहतात आणि धिरड्याला जाळी पडते. सोडा खरोखर चिमूटच घ्या. जास्त झाला तर धिरडे साबणासारखे लागते. आमच्या हातून एकदा तसे झाले. पण नियम आमचाच होता, म्हणून ते आम्हीच खाल्ले.

त्या दिवशी धिरड्याबरोबर चटणी होती. सूनबाई चटणीला फोडणी देत होत्या. तेल तापले आणि मोहरी तडतडू लागली. मुलगा सवयीने हातभर मागे सरकला आणि म्हणाला, "आई, मोहरी का उडते?"

आम्ही तोंड उघडले होते. पण सूनबाईंनी आमच्याकडे पाहिलेच नाही. कढईवर झाकण ठेवीत त्या म्हणाल्या, "तूच सांग. भाकरीचं काय झालं होतं?"

मुलाने थोडा विचार केला. म्हणाला, "मोहरीत पण पाणी असतं?"

"असतंय," आजी मागून म्हणाल्या. "पावसाळ्यात मोहरी सादळली की लई उडते. उद्या थोडी उन्हात वाळवू अन् थोडी तशीच ठेवू. मग दोन्ही टाकून बघू. पण तेल एकच घ्यायचं."